पर्याय क्रमांक तीन

"काका, माउसचं डावं बटण. एकदाच दाबायचं," मयुरी म्हणाली.

कवडूनं खांद्यावरची शाल सावरली आणि नारळ बगलेत दाबला. वर्धा स्टेशन ते सावंगी या रस्त्यावर सर्वांत जुना शेअर ऑटोवाला म्हणून आज त्याचा सत्कार होता, आणि सत्कारमूर्तीच्या हस्तेच शुभारंभ करायची नगरपरिषदेच्या सभागृहाची रीत होती. शुभारंभ कशाचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

मयुरी वाहतुकीची इंजिनिअर. खऱ्या रस्त्याला हात लावण्याआधी ती तो संगणकात चालवून बघे. पडद्यावर आत्ता तोच रस्ता वरून दिसत होता. पर्याय एक म्हणजे आहे तसंच. पर्याय दोनमध्ये रस्ता रुंद केला होता. त्याबरोबर गर्दीही रुंद झाली होती. पिवळे ठिपके म्हणजे ऑटो.

"यातला माहा कोनता?"

"हा, स्टँडवर सगळ्यात पुढे."

कवडू खूश झाला. त्यानं बटण दाबलं. पर्याय तीन सुरू झाला. विजेवरच्या हिरव्या बस आल्या आणि पिवळे ठिपके पुढून एकेक विझत गेले. पहिला त्याचा. टाळ्या पडल्या. कवडूच्या हातात माउस होता, म्हणून त्याच्या तेवढ्या राहिल्या.

"माहा कुठी गेला?"

मयुरीचा चेहरा उतरला. "काका, मंजूर झालं तर पुढच्या वर्षी..."

"तसं नाई. त्या बसमदी बिमार मानूस चढन काय? माह्या घरची दम्याची हाय. दवाखान्यात नेतो तं पायरी चढवत नाई तिले."

"पायरीच नाही, काका. धूरही नाही."

एखादी खोट सापडती तर बरं झालं असतं. कवडूनं शोधून पाहिली.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला.

स्टँडवर रांगेतला दुसरा ऑटोवाला तानबा वाटच पाहत होता. "काय गा सत्कारमूर्ती, काय दाखवलं?"

"बस येऊन राह्यली."

"अन् आपन?"

"आपन नाई दिसलो."

"बटन कोनं दाबलं?"

"मीनं."

"काऊन दाबलं बे?"

"शाल देल्ली होती ना गा. नाई कसा म्हनू?"

तानबा हसला, मग हसायचा थांबला. स्टँडवर जो आधी येईल त्याचा नंबर आधी. पण आज त्यानं आपला ऑटो बाजूला घेतला. "लाव पुढं. आज पहिला नंबर तुहा."

कवडूनं पुढची मोकळी जागा पाहिली.

"नाई, मी मांगंच लागतो," म्हणाला, आणि ऑटो रांगेच्या शेवटी नेऊन लावला. मागच्या सीटचं रेक्झिन फाटलं होतं. त्यावर त्यानं शाल नीट अंथरली, कडा आत खोचल्या, आणि नंबराची वाट पाहत बसला.