पाय कुणाचे?

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली की त्या शिलाईच्या खोलीत पूर्वी डब्यांची झाकणं वाजायची. हल्ली बाया डबे तसेच ठेवून खिडकीकडे धावत. तिथे इस्त्रीच्या टेबलाशेजारी एक निळा प्लास्टिकचा टब ठेवलेला असे. टबात कोमट पाणी, पाण्यात मूठभर मीठ, आणि मधोमध साबणदाणीएवढं एक यंत्र. नाव ‘निर्मळ यंत्र’.

जिचा नंबर असेल तिने खुर्चीत बसायचं, पाय बुडवायचे, बटण दाबायचं. बाकीच्यांनी भोवती कोंडाळं करून पाण्याकडे बघायचं. आधी काही दिसत नसे. मग यंत्रापासून पिवळसर धागे सुटत, मग तांबूस, आणि बघता बघता सगळं पाणी गढूळ तपकिरी होऊन वर फेस धरी.

“अगं बाई, केवढं साठलं होतं तुझ्या अंगात!”

“माझं कालच्यापेक्षा काळं आहे ना? नीट बघ.”

“हे कसलं काळं? इस्त्रीवालीचं तर डांबर निघालं होतं डांबर!”

इस्त्रीवाली लाजून खाली बघे. शाळेचे पांढरे शर्ट शिवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, कापडावर तीळभर डाग पडला तरी ज्यांचं जेवणावरचं मन उडे, त्या बाया आता आपल्या पोटातली घाण शेजारणीपेक्षा काळी निघावी म्हणून झुरत होत्या. पाण्याचा फोटो निघे, खोलीच्या मोबाइल ग्रुपवर जाई. हा ग्रुप खरं तर मापं आणि रजा कळवण्यासाठी केलेला. आता त्यावर मापं शोधायची तर गढूळ पाण्याचे पंचवीस टब ओलांडून जावं लागे.

यंत्र आणलं होतं शर्टांना काजं करणाऱ्या काजवालीने. तिला तिच्या नणंदेने सांगितलं, नणंदेला शेजारणीने, आणि शेजारणीला साक्षात आरोग्यबंधूंनी. आरोग्यबंधू मोबाइलमध्ये राहत. पांढरेशुभ्र कपडे, मागे धबधब्याचं चित्र, आवाज तुपात तळलेला.

“माझ्या भोळ्या भगिनींनो! तुमच्या शरीरात वर्षानुवर्षांचं विष आहे. डॉक्टर हे सांगणार नाहीत. का सांगतील? तुम्ही बऱ्या झालात तर ते खातील काय? बड्या कंपन्या हा व्हिडिओ काढून टाकायला टपून बसल्या आहेत. म्हणून काढण्याआधी बघा आणि बघण्याआधी पुढे पाठवा!”

“पण बघण्याआधी का?” कापड कापणारीने टेबलामागून विचारलं. “बघून पाठवला तर काय बिघडेल? आणि टपून बसलेल्या कंपन्यांना अजून सवड नाही झाली वाटतं. व्हिडिओ तर रोज हजर असतो.”

“झाला हिचा ‘पण’ सुरू,” मुकादमबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

कापणारीला खोलीत पणबाईच म्हणत. तिच्या धंद्यातच शंका होती. एका घावात थरच्या थर कापड कापायचं, तर आधी चारदा माप बघावंच लागतं. कात्री फिरली की ‘चुकलं वाटतं’ म्हणून उपयोग नाही.

तिला त्या टबाचा राग होता असंही नाही. दिवसभर पायडल मारून सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडले की कुणालाही बरं वाटणारच. ‘तू बस, मी पाणी आणते’ असं या बायांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. टबाने म्हटलं. तेवढ्यासाठी तिने त्याला माफही केलं असतं. पण टबात ताईचेही पाय होते.

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. त्याच खोलीत बटणं लावायची. आई लवकर गेली तेव्हा ताईनेच हिला वाढवलं. ताईला साखरेचा आजार होता, रोजच्या गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांचा तिला मनापासून कंटाळा होता. “गोळी घेतली की वाटतं मी आजारी आहे,” ती म्हणायची. “टबात बसले की वाटतं मी बरी होतेय.”

एके दिवशी बटणं संपली म्हणून पणबाईने ताईचा डबा उघडला. बटणांच्या खाली गोळ्यांचं पाकीट होतं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

“ताई, हे काय?”

“हळू बोल.” ताईने डबा ओढून घेतला. “सोडल्यात मी.”

“कुणाला विचारून?”

“विचारायचं काय? वाच हे.”

ताईच्या मोबाइलची काच एका कोपऱ्यातून दुसऱ्यापर्यंत तडकलेली. तड्यातून पणबाईने वाचलं: ‘चमत्कार! शिलाईकाम करणाऱ्या एका भगिनीने साखरेच्या गोळ्या कायमच्या फेकल्या! निर्मळ यंत्राने रोग मुळासकट गेला! डॉक्टर थक्क!’ खाली टबातल्या दोन पायांचा फोटो, त्यावर चमचमत्या चांदण्या आणि फुलं.

“माझ्यासारखीच बाई आहे गं,” ताई म्हणाली. “शिवणारी. तिला जमलं, मला का जमू नये?”

“पण ही कोण? राहते कुठे? तिला कुणी पाहिलंय?”

“सगळ्यांना माहितीये ती. मला हा मेसेज चार ठिकाणांहून आलाय. चार जण खोटं बोलतील?”

“एकाच नळाचं पाणी चार बादल्यांत भरलं तर नळ चार होतात का?”

ताईने तोंड फिरवलं. “मी बरी होतेय हेच तुला बघवत नाही.”

हे पणबाईला सुईसारखं लागलं. त्या दिवशी तिने पुढे एकही ‘पण’ काढला नाही.

मग मुकादमबाईंचा नंबर आला. टब भरला, मीठ पडलं, बटण दाबलं, आणि त्या पदर खोचून खुर्चीत टेकणार एवढ्यात काजवाली ओरडली, “आरोग्यबंधू लाइव्ह आले!” बाया धबाधबा दाराशी गेल्या, कारण रेंज तिथेच यायची. मुकादमबाई सगळ्यांच्या पुढे. आरोग्यबंधू त्या दिवशी जरा लांबलेच.

सगळ्या परत आल्या तर टबातलं पाणी काळंकुट्ट. वर चार बोटं फेस.

“बाप रे! आजवरचं सगळ्यात काळं!” काजवालीने फटाफट फोटो काढले. ग्रुपवर जोडलेले हात आणि फुलं यांचा पाऊस पडला. “कुणाचं हे?”

“माझंच,” मुकादमबाई अभिमानाने म्हणाल्या. “नंबर माझा होता ना!”

“तुम्ही कुठे बसलात? तुम्ही तर माझ्या खांद्यावरून बघत होतात,” इस्त्रीवाली म्हणाली. “मघाशी मी जाताना अंगठा बुडवला होता. माझं असणार.”

“एका अंगठ्यात एवढं?”

“माझ्या घराण्यातच पित्त जास्त आहे!”

भांडण चांगलंच रंगलं. अखेर इस्त्रीवालीने कबूल केलं की तिचा अंगठाही कोरडाच होता. मग पणबाईने शांतपणे विचारलं, “म्हणजे टबात पायच नव्हते. पण मग विष कुणाचं?”

सगळ्या पुन्हा टबात वाकून बघू लागल्या. पण थोडाच वेळ. काजवालीने थेट आरोग्यबंधूंना लिहिलं. उत्तर आलं: ‘अभिनंदन भगिनी! आपल्या यंत्राने खोलीतलं विष खेचून घेतलं आहे. ही फार वरची पायरी आहे. इतरांनाही कळवा!’

लगेच कळवलं गेलं. संध्याकाळपर्यंत यंत्र माणसाबरोबर खोल्याही बऱ्या करू लागलं. खोटं उघडं पडलं की ते मरतंच असं नाही. बऱ्याचदा ते नुसतं अंगाने भरतं.

पणबाईने वाद घातला नाही. पाणी ओतून देण्याआधी तिने पांढऱ्या कापडाच्या कापणीतून उरलेली एक कॉलर टबात बुडवली, पिळली आणि खिडकीत वाळत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलर तिने मुकादमबाईंच्या टेबलावर तयार शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली.

मुकादमबाई आल्या आणि छप्पर उडेल अशा ओरडल्या, “पांढऱ्यावर गंज! कुणी ठेवली ओली टाचणी? किती वेळा सांगितलं, लोखंड ओलं ठेवू नका!”

सगळ्या धावल्या. कॉलर हातोहात फिरली.

“गंजच हा.”

“बाई गं, धुऊनही जायचा नाही.”

“काजवाली, तुझ्या टाचण्या बघ आधी!”

“माझ्या डब्यात आहेत. गंज आहे हे मात्र खरं, आंधळीलाही कळेल.”

“पण नीट बघा,” पणबाई म्हणाली. “गंज नसेल. विष असेल. मी कालच्या टबात बुडवली होती ती.”

पणबाईने यंत्र आणलं आणि पालथं केलं. खाली दोन लोखंडी पट्ट्या होत्या, कडा खाल्ल्यासारख्या झिजलेल्या. “लोखंड, मीठ, पाणी, वर वीज. टाचणी ओल्या कापडावर रात्रभरात जे करते, तेच हे वीज लावून झटपट करतं. जास्त मीठ, जास्त वेळ, की जास्त काळं. पाय असोत नाहीतर नसोत.”

शेवटी सगळ्यांच्या नजरा खोलीतल्या पुतळ्याकडे गेल्या. ज्याच्यावर शर्ट चढवून बघत, तो शाळकरी मुलाच्या मापाचा प्लास्टरचा पुतळा. मुकादमबाईंनीच त्याला उचलून टबात उभा केला. पाणी भरलं, मीठ घातलं, बटण दाबलं. थोड्या वेळात पाणी तपकिरी झालं.

“अरेरे,” इस्त्रीवाली म्हणाली, “बिचाऱ्याने आयुष्यात घासही खाल्ला नाही, तरी पित्त बघा!”

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसली नाही ती फक्त ताई.

“ठीक आहे, पाणी खोटं असेल,” ती म्हणाली. “पण ती बाई? ती तर बरी झाली ना? तिचे पाय आहेत फोटोत!”

“दाखव इकडे.” मुकादमबाईंच्या मोठ्या मोबाइलवर पणबाईने तो मेसेज उघडला आणि फोटो बोटांनी ओढून मोठा केला. चांदण्या बाजूला सरकल्या. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसली होती.

ही करंगळी पणबाई कळायला लागल्यापासून ओळखत होती. लहानपणी ताई हिला कडेवर घेऊन जिन्यावरून घसरली होती. घसरताना तिने बाळाला दोन्ही हातांनी वर उचलून धरलं. बाळाला खरचटलंही नाही, ताईची करंगळी मात्र कायमची वाकडी झाली.

“ताई, पाय इकडे कर.”

“का?”

“कर म्हणते ना.”

ती जमिनीवर बसली आणि ताईचा डावा पाय तिने मांडीवर घेतला. फोटो शेजारी धरला. करंगळी तीच, टाचेजवळचा तीळही तोच.

“ती बाई तू आहेस, ताई.”

ताई बघतच राहिली. स्वतःचे पाय समोरून कोण बघतं? काजवालीने कपाळाला हात लावला. “मीच काढला होता तो. पहिल्याच दिवशी. ताई म्हणाली, ‘आज पाय हलके वाटताहेत, गोळीसुद्धा विसरले’. मी तेवढंच नणंदेला पाठवलं. देवाशप्पथ, कायमच्या फेकल्या वगैरे मी नाही लिहिलं.”

नणंदेने ‘विसरले’चं ‘सोडल्या’ केलं असेल. शेजारणीने ‘आज’ गाळलं असेल. आरोग्यबंधूंनी चांदण्या लावल्या. एकेकीने एकेक टाका घातला, आणि शिवून तयार झालेलं खोटं फिरून ताईकडेच आलं. ताईने ज्या बाईवर विश्वास ठेवून गोळ्या सोडल्या, तिने कधी गोळ्या सोडल्याच नव्हत्या. ती फक्त एक दिवस विसरली होती.

“म्हणजे मी माझंच ऐकलं?” ताई पुटपुटली.

पणबाईच्या हाताला ओलं लागलं होतं. तिने पाय उलटा केला. तळव्याला, अंगठ्याच्या मागे, कातडी लाल होऊन फुगली होती, आणि मधोमध मशीनच्या तुटक्या सुईचं टोक चमकत होतं.

“ताई, हे दुखत नाही तुला?”

“काय?”

कोणी डबे आवरले नाहीत की मशीन झाकलं नाही. मुकादमबाईंनी स्वतः रिक्षा थांबवली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सुई काढली, जखम धुतली, साखर तपासली आणि चष्म्यावरून दोघींकडे बघितलं. “पाय वाचेल. आणखी थोडं उशिरा आला असतात तर मी असं म्हणाले नसते. साखर वाढली की पायाची जाणीव जाते. सुई टोचली तरी कळत नाही, पाणी कढत असलं तरी कळत नाही. म्हणून तर मागेच सांगितलं होतं, रोज पाय बघत जा.”

“रोज बघत होतो, डॉक्टर,” ताई म्हणाली. “सगळ्याच बघत होतो. पण पाण्याकडे.”

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. जखम भरल्यावर ताईने आपल्या आवाजात मेसेज केला: ‘चांदण्यांच्या फोटोतली बाई मीच. मी बरी झाले नव्हते. गोळ्या सोडल्या म्हणून पाय जात होता. तुम्ही सोडू नका.’ आरोग्यबंधूंनी तिला आपल्या ग्रुपमधून तत्काळ काढून टाकलं. एवढे दिवस ज्या बड्या कंपन्यांची वाट बघत होते, त्यांचं काम त्यांनी स्वतःच उरकलं. ताईचा मेसेज चांदण्यांच्या मेसेजइतका काही पळाला नाही. त्यात चमत्कार नव्हता, आणि बघण्याआधी पाठवण्यासारखं काही नव्हतं. पण काजवालीने तो नणंदेला पाठवला, आणि नुसता पाठवला नाही, समोर बसून ऐकवला.

टब अजून खोलीत आहे. यंत्र नाही. ज्यांना साखर नाही त्या दुपारी साध्या कोमट पाण्यात पाय सोडून बसतात. पाणी स्वच्छ राहतं आणि पाय हलके होतात, त्यात खोटं काही नाही. ताई शेजारी बसते, पण कोरड्या पायांनी. सुट्टी संपताना पणबाई तिचे तळवे उलटेसुलटे करून बघते, जसा कापडाचा तागा बघावा तसे.

चमत्कार मात्र येतच असतात. परवाच कुणीतरी मोबाइल नाचवत आलं, “अगं ऐकलंत का? एका बाईने म्हणे...”

आणि खोलीभर मशिनं चालू असतानाच, मान वर न करता, सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “पाय कुणाचे?”

तुमच्याही हातात आज ना उद्या असा एखादा चमत्कार येईल. पुढे पाठवण्याआधी एवढंच विचारा. ज्याचे पाय आहेत तो माणूस भेटेपर्यंत आपली गोळी सोडू नका, आणि दुसऱ्याची तर मुळीच सोडवू नका.