थंड खोलीची रेघ

शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत थंड खोलीची रेघच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तापमानाची निळी रेघ नीट चालत आली आणि बारा वाजून दहा मिनिटांनी मेली. खोलीत औषधांची चारशे खोकी. रेघ नाही म्हणजे गारठा टिकला याचा पुरावा नाही. माल फेकायचा, आणि त्याच्या मागोमाग मलाही.

सव्वीस वर्षं त्या खोलीचं मशीन मी चालवतोय. रेघ काढणारा प्रोग्राम बसवला माझ्या सुनेनं. साहेबांना तेच खुपत होतं.

“सासरा मशीन चालवतो, सून नोंद ठेवते,” साहेब म्हणाले. “कुंपणच शेत खातंय की काय?”

“साहेब, मी त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला घाबरतो. बंद कसला करतोय?”

मी खिशातली वही पुढे केली. प्रोग्रामवर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नाही, म्हणून ड्युटीवर असलो की दर तासाला मी पेन्सिलीनं आकडा लिहितो. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

“पेन्सिल घरी बसूनही चालते.”

सुनेनं प्रोग्राम दोनदा बंद करून चालू केला. दोन्ही वेळा तीच लाल अक्षरं: फाइल लिहायची परवानगी नाही. मग ती हळूच माझ्याकडे वळली. “बाबा, खरं सांगा, कशाला हात लावलात का?”

सहा वर्षं माझ्या हातचा सकाळचा चहा पितेय ही! मी म्हटलं, “तूही?” तिनं मान खाली घातली.

सून सांगते, हा प्रोग्राम म्हणे कॉम्प्युटरच्या आतच एका बंद डब्यात चालतो. डब्याला स्वतःचा एक नंबर असतो. आकडे साठवायचं फोल्डर डब्याच्या बाहेर, पण ते त्याच नंबरच्या नावावर असावं लागतं. नाहीतर डबा नुसता दार वाजवत बसतो.

“मग सगळ्यांना मोकळं कर ना ते फोल्डर,” साहेब म्हणाले.

“करते. मग कुणीही आकडे बदलेल, आणि तुम्ही परत आमच्याकडेच बोट दाखवाल.”

ती फोल्डर कुणाच्या नावावर आहे ते बघायला लागली आणि एकदम थांबली. “मालक बदललाय. शनिवारी, बारा दहाला. मुख्य खात्यातून.”

मुख्य खात्याचा पासवर्ड दोघांकडेच, तिच्याकडे आणि साहेबांकडे. मी तिच्याकडे बघितलं, ती साहेबांकडे. साहेब छताकडे.

“मी फक्त कुलूप लावलं,” साहेब छतालाच म्हणाले. “तुम्ही दोघं मागचे आकडे फिरवाल म्हणून. फोल्डर मुख्य खात्याच्या नावावर केलं, बाकी सगळ्यांना बंद.”

“सगळ्यांत आकडे लिहिणारा डबा पण आला ना, साहेब!” सून म्हणाली.

तिनं फोल्डर परत डब्याच्या नंबरवर केलं, फक्त त्याच्याच. प्रोग्राम चालू झाला. खोलीतल्या तापमापकाच्या पोटात चार दिवसांचे आकडे राहतात, ते तिनं ओढून घेतले. रेघ सरकायला लागली. चार अंश, चार, चार. आणि रविवारी तीन वाजता टुणकन सहावर.

“हे काय?” साहेबांच्या डोळ्यांत परत तेच. “हेच लपवायचं होतं ना?”

“वही उघडा,” मी म्हटलं.

या वेळी उघडली. रविवार, दुपारी तीन, पेन्सिलीनं: सहा. दार नीट लागलं नव्हतं. चूक माझी. दहा मिनिटांत लावलं.

साहेबांनी पडदा बघितला, वही बघितली, परत पडदा. आठापर्यंत चालतं, तसं खोक्यावरच छापलेलं असतं. माल वाचला.

“स्वतःची चूक कोण लिहून ठेवतं?” ते पुटपुटले.

“ज्याला वाटतं कुणीतरी बघतंय, तो,” मी म्हटलं.

वही त्यांनी परत दिली, पण जरा उशिरानं. मागची पानं चाळत होते. चाळेनात का.

दाराबाहेर सून म्हणाली, “बाबा, उद्याचा चहा मी करते.”

“साखर मी घालणार,” मी म्हटलं. “तुझा भरवसा नाही.”