शेवटच्या कपड्यांतला कागद

मी एक कागद बोलतोय. एकच पान, चार घड्या, आणि खाली लाल शाईतला अंगठा. अंगठ्याच्या मधोमध सुरीचा जुना व्रण उमटलाय. तो अंगठा लुओ आजीचा.

आजी शेनझेन शहरात मुलाकडे राहायची, नातीला सांभाळायला. त्याआधी गावाकडे तिने नवऱ्याला चाळीस दिवस नळ्यांवर पाहिलं होतं. त्याने नळी ओढू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधले होते. ते हात तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. म्हणून तिने मला भरलं. ‘मी बरी होणार नसेन तर घशात नळी नको. हात बांधू नका.’ माझ्यावर एवढंच आहे.

दोन साक्षीदार लागत होते. रोज सकाळी चौकात व्यायाम म्हणून तिच्याबरोबर नाचणाऱ्या दोघी मैत्रिणी आल्या.

“थू थू! मरणाचा कागद काय भाजी आणल्यासारखा आणतेस गं?” एक म्हणाली.

“आण इकडे, मी करते सही. पण हिचा मुलगा डाफरला तर तू ऐकून घे बाई!” दुसरी हसली.

मुलगा पेइलिन डाफरलाच. जेवताना आजी म्हणाली, “अरे, माझं बरंवाईट झालं तर म्हणून एक कागद केलाय मी...”

त्याने हातातल्या जेवायच्या काड्या ताटलीवर आपटल्या. “आई! नवं वर्ष तोंडावर आलंय, असलं अभद्र बोलू नकोस. आईला तशीच मरू दिलं म्हणून गावात तोंड दाखवू का मी?”

आजीचं वाक्य अर्धंच राहिलं. आणि मग ती चुकली. तिने मला पलंगाखालच्या बोचक्यात ठेवलं. त्यात तिने स्वतः शिवलेले, मरताना अंगावर घालायचे शेवटचे कपडे होते. निळा रेशमी कोट, कापडी बूट. गावाकडच्या म्हाताऱ्या असे कपडे हौसेने शिवतात, एकमेकींना दाखवतात. पण माणूस जायला टेकल्याशिवाय घरातलं दुसरं कुणी त्या बोचक्याला हात लावत नाही. तिला वाटलं, इथे कागद जपून राहील. मला वाटत होतं, अगं आजी, इथे मला वाचणार कोण?

एका दुपारी भाजी निवडता निवडता ती कोसळली. दवाखान्याच्या गाडीचा भोंगा जवळ आला, लांब गेला. मी अंधारात पडून. आज नळी घातली असेल का? हात बांधले असतील का?

तिसऱ्या दिवशी सून शुएयिंग दवाखान्यातून घरी आली. आजीच्या बहिणीचा गावाहून फोन आला.

“कपडे नेलेस का गं?”

“मावशी, हे ओरडतील. म्हणतात आई बरी होणार.”

“आणि डॉक्टर काय म्हणतात?”

“शुद्धीवर येणार नाहीत म्हणाले. नळी घालायची का, आजच सांगा म्हणतात.”

“मग ऊठ! श्वास आहे तोवर अंगावर घालायचे असतात. नंतर घातलेले गेलेल्या माणसाला पोचत नाहीत. तुझ्या नवऱ्याला मी बघते.”

बोचकं सुटलं. मी खाली पडलो. तिने मला उचलून वाचलं. सुनेनेच कागद नेला तर लोक काय म्हणतील? हिनेच लिहून घेतलं म्हणतील. तिने माझी घडी घालून मला परत कोटात ठेवलं. दारापर्यंत गेली. परत आली, मला काढलं आणि बोचकं काखेत, मला मुठीत धरून धावतच निघाली.

दवाखान्यात पेइलिनच्या हातात पेन होतं. नळीच्या संमतीपत्रावर सहीला टेकलेलं.

“अहो, थांबा. आधी हे वाचा.”

वाचून तो पांढरा पडला. “तू लिहून घेतलंस?”

“अंगठा बघा ना! व्रण कुणाचा आहे?”

त्याने बघितला. व्रणावरून बोट फिरवलं. “कुठे होता हा?”

“शेवटच्या कपड्यांत.”

तो बाकावर बसला. “मला सांगायला आली होती ती... आणि मी काड्या आपटल्या.”

डॉक्टर दारात उभे होते. त्याने पेन बंद केलं. “नळी नको,” तो म्हणाला, आणि मग लहान मुलासारखं, “आणि तिचे हात बांधू नका हं.”

आता मी आजीच्या उशाशी आहे. तिच्या अंगावर निळा कोट आहे. श्वास बारीक झालाय. तिचा हात मोकळा आहे, आणि पेइलिनने तो आपल्या हातात धरलाय.

माझ्यासारखा कागद केलात तर कपड्यांत दडवू नका. चहाच्या डब्याखाली ठेवा, रोज हात जातो तिथे. आणि जेवताना घरातलं म्हातारं माणूस “एक कागद केलाय” म्हणालं, तर काड्या हळूच खाली ठेवा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.