गच्चीवर वाळत घातलेला समुद्र

चैत्राचं ऊन. कडुनिंबाच्या मोहरातून गाळून आलेलं, सोनसळी, अजून कोवळं. घटकाभरानं हेच डंख मारणार. तापीकाठच्या त्या गावात गच्च्यागच्च्यांवर जुनी पातळं अंथरलेली आणि त्यांवर कुरडयांची शुभ्र, ओलसर वर्तुळं, जणू ढगांच्या पाखरांनी विणायला घेतलेली घरटी.

कुमुदच्या गच्चीवर चुलीवरचं आधण खदखदत होतं. शेजारी खुर्चीत तिचा नवरा, यशवंत. दिवाळीपासून उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. ज्या जिभेच्या विनोदांवर अवघा गाव हसला, ती जीभ आता ओल्या मातीसारखी निश्चल, निःशब्द.

नव्या सुनेनं, ऋतुजानं, मुठीत मीठ घेऊन विचारलं, "आई, आधणात मीठ घातलंय का तुम्ही?"

कुमुदची नणंद शकू सोऱ्या खाली ठेवून हसली. सवयीनं भावाकडे पाहिलं. "दादाला बोलता येत असतं, तर आत्ता समुद्र काढला असता त्यानं."

"कसला समुद्र?"

एकतीस वर्षं ती गोष्ट त्या घरात झुंबरासारखी लटकत होती, झगमगती, किणकिणती. मुलाच्या बारशात सांगितलेली, मुलीच्या साखरपुड्यात सांगितलेली. तो सांगायचा, पंगत हसायची; आणि सर्वांआधी, पदर तोंडाला लावून, कुमुद हसायची. हसण्याचाही हात बसतो, भाकरीसारखा. मग ते आपोआप फुगतं, आपोआप सुटतं.

"मी सांगते," कुमुद म्हणाली. "लग्नाचं दुसरं वर्ष. मी आधणात दोनदा मीठ घातलं. दोन पायली गव्हाच्या कुरडया, तोंडात धरवेनात. तर हे पाहुण्यांना म्हणाले, खानदेशात समुद्र नाही असं कोण म्हणतं? आमच्या हिनं गच्चीवर वाळत घातलाय."

शकू हसता हसता भिंतीला टेकली. ऋतुजाही हसली, ओढणी तोंडाला लावून.

कुमुदला ती ओढणी दिसली.

"पुढचं राहिलं," ती ढवळता ढवळता म्हणाली. "त्याच्या आठ दिवस आधी माझं बाळ पोटातच गेलं होतं. पाचवा महिना. उभं राहवत नव्हतं. मीठ घातलं की नाही, तेच आठवेना. ह्यांना माहीत होतं."

वाफ उठत राहिली, विरत राहिली.

"वहिनी, आता कशाला ते."

"तुम्हालाही माहीत होतं, वन्सं."

यशवंतच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. पण तो डोळा दिवाळीपासून असाच पाझरतो. वाऱ्यानं, उजेडानं, उगाच. डॉक्टर म्हणाले होते, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

कुमुद उठली. ज्या पदरात एकतीस वर्षांचं हसू दाबलं, त्याच पदरानं तिनं तो गाल पुसला. हळू, नीट, जसा रोज पुसायची तसा. क्षणभर त्या डोळ्यात वाकून पाहिलं. तिथं ऊन होतं, गच्ची होती, ती स्वतः होती. बाकी काही वाचता येईना.

"घाल मीठ," ती सुनेला म्हणाली. "एकदाच."

दुपार तापली. कुरडया कडकडीत वाळल्या. पदराचं टोकही वाळलं, आणि त्यावर उमटली मिठाची एक बारीक, पांढरी रेघ. दुःखाची की नुसत्या उजेडाची, ऊन काही सांगेना.