वाफेच्या भट्टीजवळची तक्रारपेटी

सकाळी सव्वासहाला कारखान्याचे फाटक उघडते. पहारेकरी आवारातली कुत्री हाकलतो, मग बायका येतात. केसांत माळलेली फुले काढून त्या खिडकीच्या कडेवर पाण्याच्या डबीत ठेवतात, कारण आत फूल चालत नाही. पांढरे कोट, रबरी बूट, डोक्याला जाळी. दुपारच्या जेवणासाठी केळीच्या पानात बांधून आणलेला उकडलेला कसावा कंद फळीवर ओळीने लागतो. सहा पन्नासला भट्टीत पहिली वाफ सुटते आणि भिंत किंचित थरथरते. त्याच भिंतीवर मी टांगलेली आहे.

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. फिजीतल्या एका लहान बेटावर मासे उकडून डब्यांत भरण्याचा हा कारखाना आहे. नावेच्या दुरुस्तीतून उरलेल्या दाकुआ लाकडाच्या फळीतून सुतार सेमीने मला घडवले आणि खोबरेल लावून चकचकीत केले. झाकणाला फट पाडताना त्याने व्यवस्थापक सिम्पकिन साहेबांना विचारले होते, "साहेब, एवढ्याशा फटीतून गाऱ्हाणं कसं जाणार?"

"कागद जाईल की."

"आणि माणूस?"

"माणसानं बाहेरच थांबायचं, सेमी. म्हणून तर पेटी!"

कामगारांना गाऱ्हाणे मांडायला जागा हवी, अशी परदेशी खरेदीदारांची अट होती. त्यांची माणसे आली, त्यांनी माझे छायाचित्र घेतले आणि ते एका जाड अहवालात छापले. मला तेव्हा अभिमान वाटला. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

दोन वर्षे माझ्यात एकही चिठ्ठी पडली नाही. साहेबांना वाटले, सगळे सुखात आहेत. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांनी कधी कोणाला विचारले नाही. इकडे मोठ्या माणसापुढे गाऱ्हाणे न्यायचे तर कावा या मानाच्या पेयाची मुळी भेट घेऊन जातात, चटईवर बसतात, सर्वांच्या वतीने एकजण बोलतो आणि समोरचा शेवटपर्यंत ऐकतो. एकटीने उभे राहून, सर्वांकडे पाठ करून, नावानिशी कागद टाकायचा, हे बायकांना उद्धटपणाचे वाटे.

मग भट्टीच्या दाराची कडी सैल झाली. त्या दारापाशी सेरेआना काम करीत असे. शनिवारी ती चटया विणी, आणि तिच्या विणीचा घट्टपणा साऱ्या गावाला ठाऊक होता.

"आत्या, कडी नीट बसत नाही गं," ती शेजारी काम करणाऱ्या वयस्कर आकानिसीला म्हणाली. "वाफ भरली की दार हलतं. मला भीती वाटते."

"मुकादमाला सांग ना."

"मी? विलिकेसाला? माझ्या वडिलांच्या वयाचा आहे तो!"

"बरं, मग मी सांगते. त्याला माझ्यावर रागावताच येत नाही."

हे खरे होते. आकानिसीचे बेट आणि मुकादम विलिकेसाचे बेट यांच्यात पूर्वजांपासून थट्टेचे नाते आहे. अशा नात्यात कोणी काहीही बोलावे. दुसऱ्याने रागवायचे नाही, वरचढ टोमणा परत करायचा. मोठ्याला खरे सांगण्याची तेवढीच एक वाट आकानिसीपाशी होती. तिने ती वाट माझ्या फटीतून काढली आणि चिठ्ठी टाकली.

साहेबांनी मला उघडले आणि पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचली, "अरे बोकडा, तुझ्या भट्टीचं दार तुझ्या तोंडासारखं झालंय, मिटतच नाही!"

सारा कारखाना हसला. सर्वांत मोठ्याने विलिकेसा हसला. "आकानिसी, तुमच्या बेटावर घरांना दारंच नसतात. तुला कडीतलं काय कळतंय?"

पुढच्या महिन्यात दुसरी आली: "बोकडा, तुझी कडी तुझ्यासारखीच, कामाच्या वेळी झोपते." पुन्हा हशा झाला. तिसऱ्या चिठ्ठीत थट्टा जेमतेम उरली होती: "कडी मेली रे. पुरायला कधी येतोस?" विलिकेसाने त्यालाही झकास उत्तर दिले. नात्याचा मान त्याने पुरेपूर राखला. दाराकडे मात्र पाहिले नाही.

एका बुधवारी सकाळी सव्वादहाला कडी निसटली आणि वाफेच्या जोराने दार उघडले. सेरेआनाचे दोन्ही हात कोपरापर्यंत वाफेत सापडले. तिला बोटीने राजधानीत, सुव्याच्या इस्पितळात नेले. बोटे वाचली, पण आता ती मिटत नाहीत.

मित्रांनो, यानंतर जे घडले ते मला अधिक लागले. साहेबांनी खरेदीदारांसाठी अहवाल लिहिला: "तक्रारपेटीत एकही तक्रार नव्हती. होती ती केवळ थट्टा." म्हणजे ज्या कामगारांसाठी मला घडवले, त्यांच्याच विरुद्ध मी साक्षीदार झाले! मी लाकूड आहे. चिठ्ठी पोटात ठेवता येते. ती कोणाला समजावता येत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कदाचित तुमचेही कारखाने असतील. भिंतीवर पेटी टांगली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानू नका. माणसे कोणत्या रीतीने बोलतात ते आधी शिका, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.

सेरेआना घरी परतली, त्यानंतरच्या सोमवारी दार तारेने बांधून काम पुन्हा सुरू व्हायचे होते. त्या सकाळी आकानिसी मुकादमासमोर उभी राहिली. आज तिने त्याला बोकड म्हटले नाही.

"विलिकेसा, मी थट्टा केली नसती, तर तू ऐकलं असतंस का?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "तू थट्टेच्या आडून बोललीस. मी थट्टेच्या आड लपलो."

"विली, मुकादमाची सही तेवढी राहिली बघ," साहेब अहवाल पुढे करीत म्हणाले. "सहा पन्नासला वाफ सोडायची आहे."

विलिकेसाने त्यांच्याकडून माझी किल्ली मागून घेतली. तिन्ही चिठ्ठ्या माझ्यातच परत टाकलेल्या होत्या. त्याने त्या बाहेर काढल्या, अहवालातली ती ओळ खोडली आणि खाली आपल्या हाताने, टोमणा वगळून, लिहिले: 'दार मिटत नाही. कडी काम करीत नाही. कडी बदला.' प्रत्येक वाक्यापुढे त्या त्या चिठ्ठीची तारीख घातली. शेवटी लिहिले, 'तिन्ही वेळा मी ऐकले आणि काही केले नाही.' मग सही केली.

"हे काय मांडलंयस? हे खरेदीदारांकडे जाणार आहे!"

"म्हणूनच लिहिलं, साहेब."

तो भट्टीकडे गेला. वाफेच्या मुख्य नळाची चक्री त्याने घट्ट बंद केली, कोणाला पुन्हा वाफ सोडता येऊ नये म्हणून पान्याने ती खोलून काढली, काखेत धरली आणि बायकांच्या रांगेजवळून फाटकाबाहेर गेला. सेरेआनाच्या घराची वाट तिकडूनच जाते. त्या दिवशी भिंत थरथरली नाही.