आठ हात पाणी

"किती?" वरच्या पायरीवरून दीक्षा मॅडमनी विचारलं.

"तीनशे शहाऐंशी पॉइंट शहाऐंशी," साधना म्हणाली. ती मोजपट्टीसमोर उकिडवी बसली होती. वारं पडून पाणी स्थिर होईपर्यंत ती थांबली, पुन्हा एकदा पाहिलं आणि मग आकडा वहीत लिहिला. आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. तोच आकडा तिने कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला.

"काल?"

"एकोणनव्वद. रोज तीन सेंटिमीटर उतरून राहिलं. अंजनगावकडं प्यायचं पाणी सोडणं चालू हाय ना."

दीक्षा मॅडम पायरीवरच बसल्या. त्या अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि राजापेठेतून दर रविवारी पहाटे निघून इथे यायच्या. डोळ्यांना लावलेली दुर्बीण त्यांनी खाली घेतली.

"बेटावर सुरय पक्ष्यांची एकसष्ट घरटी आहेत, साधनाताई. मागच्या वर्षीपेक्षा अठरा जास्त."

समोर, काठापासून दीडशे मीटरवर, बेट होतं. अडीच एकरांचा काळा खडक, त्यावर एक सालईचं झाड आणि थोडं निवडुंग. बसाल्टात पांढऱ्या स्फटिकांच्या गाठी होत्या. सकाळच्या उन्हात त्या दुरूनही चमकत. धरणाच्या नकाशात त्याला 'बेट क्र. १' म्हणत. खैरखुटीची माणसं मात्र त्याला अजून टेकडीच म्हणायची. धरण भरण्याआधी ती टेकडीच होती. तिच्या पायथ्याशी त्यांचं गाव होतं, आणि माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड, टेकडीमाय. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा साधना चौदा वर्षांची होती. प्रकल्पग्रस्त म्हणून पुढे तिला ही मोजणीदाराची नोकरी मिळाली. एकोणीस वर्षं ती रोज सकाळी आठ वाजता आपल्या गावावर किती पाणी आहे ते कळवत होती.

"चाळीसला पांदण उघडी पडते," साधना म्हणाली. "सेहेचाळीस सेंटिमीटर राहिले. म्हणजे एकोणीस मे."

पांदण म्हणजे काठापासून टेकडीपर्यंत गेलेली जुनी गाडीवाट. साधनाच्या वडिलांनी, नत्थुजींनी, गावातल्या माणसांना घेऊन दगड रचून ती बांधली होती. पाणी उतरलं की ती पाठ वर काढायची आणि बेट पुन्हा टेकडी व्हायचं. मागच्या वर्षी ती उघडली त्याच दिवशी मोकाट कुत्री तिच्यावरून चालत गेली. दोन दिवसांत एकही अंडं राहिलं नाही.

"पिल्लं उडायला जून उजाडेल," मॅडम म्हणाल्या. "तीन आठवडे कमी पडतात."

"साहेबाले पाणी कमी सोडा म्हनून सांगता येत नाई."

"नाही. लोकांना प्यायला लागतं. मी तसं म्हणणारही नाही." त्यांनी दुर्बीण पुन्हा बेटाकडे वळवली. "पांदण मध्ये तोडली तर?"

साधनाने वही मिटली.

घरी पार्वताबाई ओसरीत बसून गहू पाखडत होत्या. नवीन खैरखुटीत सगळ्या घरांना एकसारख्या ओसऱ्या होत्या, सरकारी मापाच्या. साधनाला पाहून त्यांनी सूप थांबवलं.

"किती राहिलं वं?"

"पंधरा दिवस, माय."

"मंग दळून आन. भरड दळ म्हना. मागच्या साली त्या पोट्ट्यानं मैद्यावानी करून देल्लं, रोडगे फुटले सारे."

दरवर्षी पांदण उघडली की खैरखुटीची माणसं वेशीच्या जागी चपला काढून अनवाणी टेकडीवर जायची. वर गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, मायेला नैवेद्य दाखवायचा. मुलं शिकायला आणि कामाला अमरावती-अकोल्याला गेली, तशी माणसं कमी झाली होती. गेल्या वर्षी सतराच होती. पण पार्वताबाई कधी चुकल्या नव्हत्या. ज्या वर्षी पाणी जास्त राहून पांदण उघडलीच नाही, त्या वर्षी किशोर भोयाने आपल्या डोंग्यातून न्यायची तयारी दाखवली होती. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आपल्याच गावात कोनी डोंग्यात बसून जाते काय?" आणि काठावरूनच हात जोडून परतल्या होत्या.

साधनाने जेवताना पक्ष्यांचं सांगितलं. कुत्र्यांचं सांगितलं. शेवटी पांदणीचंही सांगितलं.

पार्वताबाईंनी घास ताटात ठेवला.

"तुह्या बापानं बांधलेली हाय ते."

"मले माईत हाय."

"घर गेलं, वावर गेलं, हीर गेली. एक पांदन राहिली. थेबी साली पंधरा दिवस दिसते. अन् तू थे तोडाले निंगाली? पाखरासाठी?"

"मी काई निंगाली नाई. मॅडमनं इचारलं, मी तुले सांगून राहिली."

"तं सांग तुह्या मॅडमले, पाखराइले दुसरीकडं घर बांधाले जागा बम हाय म्हना."

साधना हसली नाही. आईही हसली नाही. वाक्य दोघींनाही ओळखीचं वाटलं. धरणाच्या वेळी सर्व्हेला आलेला साहेब असंच काहीतरी बोलला होता.

दुसऱ्या दिवशी साधनाने शाखा अभियंत्यांना फोन केला.

"कोणती पांदण?" साहेब म्हणाले.

"बुडीत क्षेत्रातली, सर. बेटाजवळची."

"बुडीत क्षेत्रात पांदण नाही. रेकॉर्डला नाही. जी नाही ती तोडायची परवानगी मी कशी देऊ, काळमेघ मॅडम?"

"मंग तोडली तं?"

"जी नाही ती तुटेल कशी?" साहेब म्हणाले. "फक्त आठचं रीडिंग चुकवू नका."

म्हणजे सरकारची हरकत नव्हती. हरकत ओसरीत बसून गहू पाखडत होती. आईच्या मनाविरुद्ध त्या वाटेचा एक दगडही आपण उचलणार नाही, हे साधनाला माहीत होतं. मॅडमना तिने तसं कळवलं. मॅडमचं उत्तर आलं, "बरोबर आहे. मी रविवारी येते. त्यांना एकदा नुसतं बघायला आणाल?"

रविवारी पार्वताबाई आल्या त्या मुळात पांदण बघायला. तिच्यावर पाणी पंचवीसेक सेंटिमीटर राहिलं होतं. खालची दगडांची पाठ गडद पट्ट्यासारखी दिसत होती. त्या घोटाभर पाण्यात उतरल्या, काठीने दगड चाचपला, मान हलवली आणि परत येऊन सावलीत बसल्या.

"आजी, इकडून बघा," मॅडमनी दुर्बीण तिपायीवर लावून दिली. "नदी सुरय म्हणतात याला."

पार्वताबाईंनी एक डोळा मिटला. बराच वेळ काही दिसलं नाही. मग दिसलं. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा पक्षी उघड्या खडकावर बसला होता. काडी नाही, गवत नाही. खडकातल्या खळग्यात तीन ठिपकेदार अंडी. तो उठला, पाण्यावर आला, पोट पाण्यात घासून ओलं केलं आणि परत जाऊन अंड्यांवर बसला.

"हे काय करून राहिलं?"

"दुपारी तो खडक अठ्ठावन्न अंशांपर्यंत तापतो. मी मोजलाय. अंडी शिजतील. म्हणून तो पोट भिजवून आणतो आणि अंडी गार करतो. दिवसभर. आळीपाळीने दोघं."

"दिवसभर?"

"हो."

त्या पुन्हा पाहत राहिल्या. पक्षी तीनदा जाऊन आला. साधना मागे उभी होती. आईच्या मानेवर घाम आला होता, पण ती दुर्बिणीपासून हलत नव्हती.

"किती दिवस पायजे याइले?"

"उडायला अजून चार आठवडे, आजी. आणि पाणी आठ दिवसांचंच आहे."

"आमाले पंधरा दिवस देल्ले होते," पार्वताबाई म्हणाल्या. "मे महिनाच होता."

त्यांनी पदराने डोळा पुसला. दुर्बिणीला लावून लावून त्याला पाणी आलं होतं. मग त्या साधनाकडे वळल्या.

"अन् तुमी तोडसान कुठून? कुठूनबी हात घातला तं महिना लागन. तुह्या बापाचं काम हाय थे, दगड दगडाले धरून हाय."

"मंग कसं करावं?"

"सांड हाय ना मधात. आठ हाताची."

"कायची सांड?"

"पांदन बांधली थ्या साली पावसाळ्यात नाल्याचं पानी अडलं, वरची वावरं बुडाली. वावरवाल्या खुशालरावनं भांडन केलं. मंग तुह्या बापानं मधात आठ हात जागा मोकळी केली. उन्हाळ्यात गाड्या जाव्या म्हनून सुटे दगड भरून बुजवाची, अन् मिरग लागाच्या आदी उघडाची. दरसाली. मी पाट्या वाहिल्या ना." त्या पांदणीकडे पाहू लागल्या. "गाव सोडलं थ्या साली बुजवेल होती. उघडाले कोनी राहिलंच नाई."

साधनाला हे माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांत तिने या पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर वाचला होता.

"माय, म्हणजे तोडायचं नाई..."

"तोडाचं कायले? उघडाची राहून गेली थे उघडा." पार्वताबाई काठीवर जोर देऊन उठल्या. "चाल. दाखवतो कुठं हाय थे. तुमाले नाई सापडाची."

काम चार सकाळी चाललं. मॅडमनी नियम घातला, सहा ते आठ, त्यापुढे एक मिनिट नाही. ऊन चढल्यावर पक्षी घाबरून उठले तर अंडी उघडी पडतील. किशोर भोयी आणि त्याची मासेमारी सोसायटीची सहा माणसं, नवीन खैरखुटीतली पाच, आणि साधना. पार्वताबाई काठावर खुर्ची टाकून बसत आणि ओरडत.

"अरे थो नोको काढू, थो कोपऱ्याचा हाय! थो हालला तं सारी भित येईन अंगावर!"

"काकू, पान्याखाली कोपरा दिसत नाई ना वं," किशोर म्हणायचा.

"तुले घरातबी काई दिसत नाई, बायको सांगत होती."

सुटे दगड खरोखरच सुटे निघाले, हातात मावतील असे. पाणी कमरेला लागेपर्यंत ते काढत गेले. दोन्ही बाजूंना नत्थुजींनी घडवलेले चिरे सरळ उभे होते, ओळंबा लावल्यासारखे. आठला दहा कमी असताना साधना ओल्या साडीनेच मोजपट्टीकडे जायची.

"कुत्र्यांना पोहता येतं," शेवटच्या दिवशी मॅडम तिला म्हणाल्या. "मी खात्री देत नाही."

"खात्री कोन मागून राहिलं?" साधना म्हणाली.

एकोणीस मेला पांदण उघडी पडली. दुपारी तीन कुत्री तिच्यावरून निघाली. मधल्या आठ हात पाण्यापाशी थांबली. एकाने पंजा घालून पाहिला. थोडा वेळ बसली आणि आली तशी परत गेली. पुढेही ती येत, बसत आणि जात. घारींनी काही पिल्लं उचलली. ते मॅडमनी वहीत लिहिलं. सात जूनच्या मोजणीत उडणारी पिल्लं चव्वेचाळीस होती.

त्याच्या दुसऱ्या सकाळी साधनाने आठचं रीडिंग घेतलं. तीनशे पंच्याऐंशी पॉइंट एक्क्याऐंशी. वही मिटून ती धक्क्यावर आली तेव्हा किशोरचा डोंगा लागला होता आणि पार्वताबाई आधीच आत बसल्या होत्या. मांडीवर फडक्यात बांधलेले रोडगे होते, घरूनच भाजून आणलेले. खडकावर जाळ करायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

साधना येऊन शेजारी बसली.

किशोर वल्हवू लागला. डोक्यावर पांढरे पक्षी ओरडत फिरत होते, नवीन पिल्लं जरा वेडीवाकडी उडत होती. काठ आणि बेटाच्या मधोमध आल्यावर पार्वताबाईंनी काठीने इशारा केला.

"डाव्या अंगानं घे रे. खाली आपलं आंगन हाय."

किशोरने डोंगा वळवला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पाय जवळ घेतले, एकेक करून चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या.

"काय झालं, माय?"

"वेस आली."

किशोरने वल्हं वर उचललं. डोंगा आपोआप पुढे सरकत राहिला. साधनाने वाकून आपल्याही चपला काढल्या.