अर्धी सरी

सरीच्या मधोमध धाकटी उठून उभी राहिली, तशी ओळीतल्या सगळ्या बायकांची तोंडं बंद झाली. हात तेवढे चालू राहिले.

"साप निघाला का गं?" शिंपिणीनं विचारलं.

"नाही."

"मग मुंगळा चावला?"

"बसवत नाही. जरा बांधावर जाऊन येते."

झालं! कांद्याची लागण त्या गावात बायका आळीपाळीनं करायच्या. आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या शेतात सगळ्या. सगळा हाताला हात देऊन चाललेला कारभार. प्रत्येकीनं एक सरी धरायची, चवड्यावर बसायचं, रोप खुपसत, गप्पा हाणत पुढं सरकायचं आणि टोकाला एकदमच पोचायचं. सरी अर्धी टाकून उठणं म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं.

त्यात शेत फौजदारिणीचं. तिच्या सात पिढ्यांत कुणी फौजदार नव्हता, पण तिनं शेताच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचं मांजर झाडावर चढायचं.

"काल छपरावर चढून गोधड्या वाळत घालत होतीस," ती कडाडली. "मी या डोळ्यांनी बघितलं. आणि आज वीतभर सरकवत नाही होय? स्वतःच्या गोधड्या हलक्या आणि माझी रोपं जड!"

"काल बरं वाटत होतं, आक्का."

"तुझे बरे दिवस बरोबर घरच्या कामाला सापडतात गं!"

ओळीत खसखस पिकली. धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुझ्या लागणीला आम्हाला बोलवायला येऊ नकोस," फौजदारीण म्हणाली. "अर्ध्या सरीच्या बदल्यात कुणी अख्खी बाई देत नसतं."

हा घाव खरा लागला. कारण धाकटीच्या वाफ्यात रोप तयार होऊन बसलं होतं. शेंडे पिवळे पडायला लागले होते. अजून थोडे दिवस गेले तर रोप निबर होणार, मग लावलं काय नि न लावलं काय, कांदा पोसायचा नाही. आणि तेवढं शेत नवरा-बायकोनं दोघांनी लावायचं म्हणजे मुंगीनं डोंगर ओढायचा.

ती बांधावर बसली. माती गार होती, वारा बोचरा होता आणि तो वारा तिच्या मानेतून शिरून थेट टाचेतून बाहेर पडत होता.

काय सांगायचं लोकांना? हात मोडला असता तर गळ्यात बांधून मिरवता आला असता. ताप असता तर कपाळाला हात लावून दाखवता आला असता. हिचं दुखणं बिनपत्त्याचं. आज खांद्यात, उद्या मांडीत, परवा जबड्यात. रात्रभर झोपूनही सकाळी असं वाटायचं, की कुणीतरी उखळात घालून कांडलंय आणि पाखडायचं तेवढं राहिलंय. हातातलं काकण सरकलं तरी ठणका. डोकं तर धुकंच. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर एकदाही नाही. परवा कोठीत गेली आणि कशाला आले तेच आठवेना. पोत्यांकडं बघत उभी राहिली. पोतीही तिच्याकडं बघत राहिली.

शहरात तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, हाडं चांगली, फोटो चांगले. सासू म्हणाली, "सगळं चांगलं आहे तर वाईट काय आहे?" शेवटी एका डॉक्टरीणबाईनं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. घरी येईपर्यंत नवऱ्याच्या जिभेवर त्यातलं अर्धंच शिल्लक होतं. बाई म्हणाल्या होत्या, "यानं जीव जात नाही आणि हे पटकन जातही नाही. औषध घ्या, झोप सांभाळा, रोज थोडं चाला. आणि एक लक्षात ठेवा, बऱ्या दिवशी दुप्पट काम करायचं नाही. दुखायच्या आधी थांबायचं."

दुखायच्या आधी थांबायचं! धाकटीला तेव्हा हसूच आलं होतं. भूक लागायच्या आधी जेवायचं, तसलंच काहीतरी.

आणि काल तो बरा दिवस उगवला. सकाळी उठली तर अंग मोकळं. महिन्याचं तुंबलेलं काम डोळ्यांपुढं नाचायला लागलं. गोधड्या धुतल्या, छपरावर नेल्या, गोठा उरकला, जळण फोडलं. आज होतंय तर करून घेऊ, उद्याचं काय सांगावं. गावातल्या कुठल्याही शहाण्या बाईनं तेच केलं असतं. आणि आज ती बांधावर होती.

घरी आली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती.

"तेवढी सरी दात-ओठ खाऊन काढली असतीस तर?" नवरा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"दात-ओठही दुखतात."

"मी काय म्हणतो..."

"तुम्ही काय म्हणता ते गाव म्हणून झालं."

त्यानं समजूत काढायला खांद्यावर हात ठेवला, तशी ती कळवळली. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. बायकोला जवळ घ्यायची सोय नाही आणि रागवायचीही सोय नाही, अशा माणसानं करायचं काय? तो बाहेर जाऊन उगाच नीट असलेलं कुंपण नीट करायला लागला.

सासू चुलीपुढून म्हणाली, "आमच्या वेळी असली दुखणी नव्हती."

"होती, आत्या. सांगायला कुणी नव्हतं."

म्हातारीनं फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझी आई सकाळी भिंत धरून उठायची. आम्ही हसायचो." आणि परत फुंकायला लागली.

धाकटी कुंपणापाशी गेली. नवऱ्यानं तासून ठेवलेल्या काटक्यांतल्या चांगल्या सरळ बघून मूठभर उचलल्या.

"कशाला?"

"लागणीला."

दुसऱ्या दिवशी पाळी शिंपिणीच्या शेताची. धाकटीला कुणी बोलावलं नव्हतं. ती काटक्यांची जुडी काखेत मारून पोचली, तशी फौजदारीण म्हणाली, "आली का पाहुणी? मांडव घालणार आहेस की काय?"

धाकटीनं एक सरी निवडली, तिच्या बरोबर मध्यावर काटकी रोवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी इथपर्यंत लावणार. मग उठणार, बांधावरून एक फेरी मारणार, येऊन पुढची अर्धी लावणार. दिवस मावळेपर्यंत हेच. माझा दिवस तुम्ही अर्धाच धरा. माझ्या शेतात माझ्यासाठी अर्धाच दिवस या."

"आणि बोलणं?" एक जण म्हणाली. "तू मागं राहिलीस तर आम्ही बोलायचं कुणाशी?"

"मला लांबूनही ऐकू येतं. फौजदारीणआक्का आहेत ना."

शिंपीण फसकन हसली. "शेत माझं आहे, मी म्हणते बसू दे. दुपारी घरी पळण्यापेक्षा हे बरं."

काटकीपाशी धाकटी उठली. खरं तर तेव्हा अजून होत होतं. टोक समोर दिसत होतं. एवढ्यासाठी उठायचं म्हणजे स्वतःच्याच पाठीत धपाटा घालण्यासारखं. तरी उठली. पाठीमागून, "बाईसाहेब हवा खायला निघाल्या," आलंच. ती चालली, परतली, बसली. दुखत होतंच. पण संध्याकाळी रोपांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या तेव्हा ती शेतात होती. बायका टोपल्या उचलून घरी निघाल्या. फौजदारिणीनं तेवढं एकदा काटक्यांकडं बघून नाक मुरडलं.

आणखी दोन शेतांत असंच झालं. मग तिची पाळी आली.

आणि त्या दिवशी नेमका बरा दिवस उगवला! मान वळली, बोटं मिटली, डोक्यातलं धुकं विरलं. बायका आल्या, फौजदारीणही आली. तोंड वाकडं करून, पण आली. स्वतःच्या मातीत धाकटी अशी सपासप निघाली, की शिंपीण मागं पडली. रोप कसं, मऊ मातीत सुई शिरावी तसं जात होतं. किती दिवसांनी अंग स्वतःचं वाटत होतं!

काटकी आली.

"ओढ की पुढं!" फौजदारीण ओरडली. "आज तर घोडीसारखी पळतेस. लोक तुझ्या शेतात वाकलेत आणि मालकीण उठणार होय?"

बांधावर नवरा रोपांची टोपली घेऊन उभा होता. त्यानंही बघितलं. त्याच्याही डोळ्यांत तेच होतं, आज होतंय तर घे काढून.

धाकटीचा हात पुढच्या रोपावर होता. कधी दुखलं म्हणून तिला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. दुखताना उठणं सोपं होतं. आता अंगात बळ असताना, परक्या बायका आपल्या मातीत वाकलेल्या असताना, टोक समोर दिसत असताना उठायचं! या मेल्या दुखण्यानं वाईट दिवस तर नेलेच होते, बरे दिवससुद्धा अर्धे मागत होतं.

तिनं रोप टोपलीत ठेवलं. उठली.

"अगं ए!"

"ओरडा, आक्का," ती डोळे पुसत म्हणाली. "फेरी मारताना सोबत होते."

नवऱ्यानं टोपली खाली ठेवली आणि मुकाट तिच्या अर्ध्या सरीत जाऊन बसला. गडी माणूस लागणीला बसलेला बघून ओळ हसून हसून आडवी झाली. त्याची रोपं वाकडीतिकडी लागली. लागली मात्र.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धाकटी जागी झाली. गुडघे, मान, बोटं, सगळ्यांनी आपापली हजेरी लावली. ती थोडा वेळ आढ्याकडं बघत पडली, सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग कुशीवर वळली आणि भिंत न धरता उठली.

चूल पेटवून दारात आली, तर फौजदारीण अंगणात. काखेत काटक्या. धाकटी अंथरुणातच पडलेली असणार, ते बघायला आली होती, हे लपत नव्हतं.

"उठलीस?"

"उठले."

"दुखतंय?"

"दुखतंय."

फौजदारीण घुटमळली. ओट्यावर चढून काटक्या टाकल्या. "शेतात पडल्या होत्या. घे."

"यातली एक कमी आहे, आक्का."

"असेल कुठंतरी." ती वळली. पायरी उतरताना तिनं ओट्याचा खांब धरला, गुडघा दाबला आणि धाकटी बघतेय हे लक्षात येताच घसा खाकरला. "उद्या माझ्या खालच्या पट्टीत भाजी लावायची आहे. लवकर ये. तुझ्या त्या हवा खाण्यासकट ये."

"येईन. चहा घेऊन जा."

"बसायला वेळ नाही," म्हणत फौजदारीण ओट्यावर बसली.